कोणत्या गावचा सतरा

१९५७ च्या मे महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, गडचिरोली तहसिलीतल्या कोसमटोला या गावची सर्व्हे नंबर सतरा ही जमीन सरकारी जंगलात घेतली गेली. जमीन म्हणजे धानाच्या सहा बांध्या, बांध घातलेली खाचरं, आणि कडेच्या धुऱ्यावरची तीन मोहाची झाडं. चार कोपऱ्यांत चार दगड रोवले आणि प्रत्येकावर पांढऱ्या रंगात १७ हा आकडा काढला. तिथे सहा माणसं होती: जंगलाचे दोन नाकेदार, खड्डे खणणारे दोन मजूर, जमीन कसणारा लालसू मडावी आणि चांद्याच्या एका कचेरीतले तपासनीस शामराव निकुरे. पहिल्या पाच जणांचं तिथे काम होतं. निकुऱ्यांना कोणी बोलावलं नव्हतं. ते रजा टाकून मोटारीने, वैनगंगेच्या वाळूतून पायी आणि शेवटचे काही कोस बैलबंडीतून आले होते.

काम दीड तासात आटोपलं. त्या वेळात निकुरे एकच वाक्य बोलले. चौथ्या दगडावर आकडा काढणाऱ्या नाकेदाराला ते म्हणाले, "कोन्या गावचा सतरा, ते पन लिहा ना."

नाकेदाराने मान वर केली नाही. "दगडावर जागा नाई, बाबू."

हे मला नंतर लालसूने सांगितलं आणि निकुऱ्यांनी त्यात दुरुस्ती केली नाही. दुरुस्ती न करणं ही त्यांच्याकडून दुर्मिळ गोष्ट होती, म्हणून मी ते खरं धरतो.

मी त्या कचेरीत नक्कल उतरवण्याच्या कामावर चार वर्षं होतो. नंतर नागपुरात वर्तमानपत्रात गेलो. १९५३ साली आम्ही दोघं एकाच दिवशी कामावर रुजू झालो, मी आणि वरोऱ्याचा गोपाळ दुधे. आम्हाला निकुऱ्यांच्या टेबलासमोर बसवलं गेलं. पन्नाशीचा, काटक अंगाचा माणूस. पेन्सिलीचा तुकडा दोन बोटांत धरता येत नाही इतका लहान झाला, की ते तो बारीक बांबूच्या नळीत खोचत आणि आणखी महिनाभर चालवत. कोटाच्या खिशात ही नळी असे. टेबलावर बिडीच्या खोक्यातून कापलेली पुठ्ठ्याची एक पट्टी. खणात कुलुपाखाली लाल शाईची दौत.

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला काम दिलं नाही. गोपाळला विचारलं, "तुमच्या घरी दादा कोनाले म्हन्ता?"

"मोठ्या भावाले."

मला विचारलं. आमच्याकडे वडिलांना दादा म्हणत. निकुऱ्यांच्या घरी त्यांच्या आजोबांना म्हणत असत.

"बरं. आता मी चपराश्याले चिठ्ठी देतो का दादाले बोलावून आन. कोन येइन?"

गोपाळ म्हणाला, "ज्याले चहा प्यायचा असन तो येइन."

निकुरे हसले नाहीत, पण त्यांना राग आला नाही. "हेच होते," ते म्हणाले. "जो मोकळा हाय तो येते. ज्याले बोलावलं तो घरीच ऱ्हाते. तुया घरातला दादा तुया उंबरठ्याच्या आत दादा. बाहीर आला का त्याले नाव पायजे, बापाचं नाव पायजे, गाव पायजे. हे ध्यानात ठेवलं तं तुमी इथी टिकान."

त्यांचा सगळा धंदा एवढाच होता. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली होती, मालगुजारांची जंगलं सरकारकडे आली होती, आणि कुठली जमीन जंगल व कुठली शेती याच्या याद्या गावागावांतून आमच्या कचेरीत येत होत्या. जमिनीचा सर्व्हे नंबर हा गावापुरता असतो. मोजणी एकापासून सुरू होते आणि गावाच्या शिवेवर संपते. शीव ओलांडली की पुन्हा एक. त्यामुळे सतरा नंबरची जमीन जिल्ह्यातल्या जवळपास प्रत्येक गावात असते. त्या गावाच्या कागदात सतरा म्हटलं की पुरतं. त्या कागदाबाहेर सतरा म्हणजे काहीच नाही.

नवा कारकून हे विसरतो. त्याच्या डोक्यात सकाळपासून एकच गाव असतं, म्हणून कागदालाही ते माहीत आहे असं त्याला वाटतं. पहिल्या पानावर तो गावाचं नाव लिहितो, दुसऱ्या पानावर "सदर गाव" लिहून पुढे जातो. लिहिताना त्याला सगळं स्पष्ट असतं.

निकुऱ्यांची तपासण्याची रीत वेगळी होती. ते पान समोर ठेवत आणि पुठ्ठ्याच्या पट्टीने वरच्या ओळी झाकत. एक ओळ उघडी. मागचं पान उलटं करून बाजूला.

"मांगचं झाकलं," ते म्हणत. "आता वाच. हा सदर कोन?"

आम्ही सांगायचो, साहजिकच अमुक गाव, वरती लिहिलं आहे.

"वरतं तुले दिसते. कागदाले दिसते का?"

आठवड्याभरात आम्ही चिडलो, महिन्याभरात सवय झाली. गोपाळने एकदा डबा खाताना पोळीवर पुठ्ठा ठेवला आणि विचारलं, "आता सांगा निकुरेभाऊ, ही पोळी कोनाची?" निकुऱ्यांनी पट्टी उचलून पोळी पाहिली. "सकाळची हाय," म्हणाले, आणि स्वतःचा भात आणि लाखोरीचं वरण खाऊ लागले.

त्यांच्या खुणा दोन होत्या. लाल शाई आणि पेन्सिल. ज्या गावात चौदाच नंबर आहेत तिथे कोणी सतरा लिहिला, तर ते चूक, तिथे लाल. लाल खूण असलेला कागद पुढे जाऊ शकत नसे. ज्याने लिहिला त्याच्याकडे तो परत येई, खुलासा द्यावा लागे, त्याची नोंद होई. पण जिथे चूक सिद्ध होत नव्हती, फक्त चूक असू शकेल असं त्यांना दिसत होतं, तिथे ते समासात पेन्सिलीने लिहीत. बहुतेक वेळा एकच प्रश्न: कोणत्या गावचा? पेन्सिलीच्या खुणेला खुलासा द्यावा लागत नसे. तिच्यामुळे कागद थांबत नसे. आणि पक्की यादी उतरवण्याआधी कच्च्या यादीवरच्या पेन्सिलीच्या सगळ्या खुणा रबराने पुसायच्या, अशी कचेरीची पद्धत होती. पुसायचं काम तपासनिसाचंच. शनिवारी दुपारी निकुरे आठवडाभर लिहिलेले प्रश्न स्वतः पुसत बसत आणि रबराचा चुरा हाताने एकत्र करून खिडकीबाहेर टाकत.

मी विचारलं होतं, पुसायचेच तर लिहिता काऊन?

"लिवनाऱ्याने वाचावं म्हनून."

"वाचते का कोनी?"

"तू वाचते ना?"

मी वाचत होतो. दर वेळी नाही.

लाल शाईच्या बाबतीत ते कंजूष होते. दौत महिन्यात तीन-चार वेळा उघडे. शंकेवर लाल मारली तर लाल खुणेची किंमत उरणार नाही, असं ते म्हणत. कचेरीचे मुख्य कारकून, ज्यांना सगळे बडे बाबू म्हणत, ते जबलपूरकडून आलेले होते. त्यांनी एकदा चेष्टेत सुचवलं होतं, "अरे निकुरे, जहाँ शक है वहाँ लाल मार दो, झंझट खतम." निकुऱ्यांनी उत्तर दिलं, "शक म्हन्जे चूक नाई, साहेब." या उत्तरावर बडे बाबू पुढे बरेच महिने हसत.

ही सवय कचेरीबाहेरही सुटत नसे. चांद्याच्या परकोटाच्या आत, दोन खोल्यांच्या घरात ते राहत. त्यांच्या पत्नी रुक्माबाई पाहुण्यांना सांगत, "याइले म्हनलं का ती येऊन गेली, तं इचारतेत, कोन ती? घरात चोर शिरला म्हनून बोंबलली, तरी इचारतीन, कोन्या गावचा." निकुरे शेजारी बसून ऐकत. म्हणत, "चोराचं गाव लागतेच. रपटात लिवा लागते." आणि मग दोघांनाही हसू येई. त्यांना हसताना मी फक्त त्या घरात पाहिलं.

कचेरीच्या फळ्यावर एकदा सूचना लागली: "उद्या विहिरीवर गाळ काढण्याचे काम असल्याने पाणी मिळणार नाही." खाली तारीख नव्हती. कागद आठ दिवस तसाच राहिला. चपराशी रोज सकाळी तो वाचून घरून घागर आणायचा. नवव्या दिवशी त्याखाली बारीक पेन्सिलीने लिहिलेलं आढळलं: कोणत्या दिवसाचा उद्या? बडे बाबूंनी चपराश्याला बोलावून ते पुसायला सांगितलं. सूचना आणखी दोन दिवस होती.

त्यांची पेन्सिल कामी आल्याची एक घटना मला माहीत आहे. १९५५ च्या पावसाळ्यात सिरोंच्याकडून आलेल्या एका पंचनाम्यात पहिल्या ओळीत हजर असलेल्या माणसांमध्ये भिवा कोवे असं नाव होतं. पुढच्या दोन पानांत ते नाव पुन्हा आलं नाही. यात चूक काही नव्हती. हजर माणूस गप्प राहू शकतो. निकुऱ्यांनी समासात लिहिलं: हा माणूस वर आला, पुढे गेला कुठे? नेहमीप्रमाणे त्यावर कोणी काही केलं नसतं, पण पंचनामा लिहिणारा पटवारी योगायोगाने त्याच आठवड्यात चांद्याला आला होता आणि चहा प्यायला आमच्या खोलीत थांबला. निकुऱ्यांनी त्याच्यापुढे कागद सरकवला.

पटवाऱ्याने डोक्याला हात लावला. "अरे बापा. त्याचीच तं तक्रार होती."

मधलं एक पूर्ण पान उतरवायचं राहिलं होतं. भिवाची विहीर जंगलाच्या हद्दीत धरली गेली होती. ती बाहेर आली. निकुऱ्यांनी त्यानंतर ती खूण पुसली. मी म्हटलं, निदान ही तरी ठेवा. ते म्हणाले, "काम झालं ना तिचं."

१९५६ च्या पावसाळ्यानंतर कचेरीत घाई सुरू झाली. नोव्हेंबरात जिल्हा जुन्या राज्यातून निघून मुंबई राज्यात जाणार होता. त्याआधी सगळ्या याद्या पक्क्या करून बांधायच्या होत्या. टेबलं, कपाटं, गठ्ठे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात होते. कारकून दिवसाला पूर्वीच्या दुप्पट पानं उतरवत होते.

त्या गठ्ठ्यांत येरणगाव आणि कोसमटोला या शेजारच्या दोन गावांच्या जंगलाच्या याद्या होत्या. येरणगावची यादी दोन पानांची. पहिल्यावर गावाचं नाव. दुसऱ्यावर "सदर गाव" आणि खाली चार नंबर, त्यांतला एक सतरा. येरणगावच्या सतरात सागवान आणि बांबू होता. कोसमटोल्याची यादी एका पानाची. फीत बांधताना कोसमटोल्याचं पान येरणगावच्या दोन पानांच्या मध्ये गेलं. येरणगावचं दुसरं पान कोसमटोल्याच्या खाली आलं, आणि त्यावरचं "सदर गाव" कोसमटोला झालं.

निकुऱ्यांनी पुठ्ठा ठेवला आणि थांबले. त्या पानावरचे चारही नंबर कोसमटोल्यातही होते. कोसमटोल्यात नंबर कमी असते, तर लाल मारता आली असती. त्यांनी समासात पेन्सिलीने लिहिलं: कोणत्या गावचा सतरा? ९, १२ आणि २३ या तीन नंबरांपुढेही त्यांनी तेच लिहिलं. पण कोसमटोल्यातही ते तीन पडीक माळ होते आणि त्यांच्यावरून पुढे काही घडलं नाही.

दोन्ही गावांच्या मूळ वह्या गडचिरोलीहून मागवाव्यात, असं टिपण त्यांनी दिलं. आठ दिवसांनी पुन्हा दिलं. वह्या आल्या नाहीत. शेवटच्या शनिवारी बडे बाबू त्यांच्या टेबलाशी उभे राहिले. खोलीत आम्ही सगळे होतो.

"लाल कितने हैं?"

"लाल नाई एकही."

"तो फिर क्यों रोका है?"

"सतराचा पत्ता लागत नाई. वही येऊ द्या."

"वही आती रहेगी. लाल मारते हो तो मारो, मैं वापस भेज दूँगा, अभी." बडे बाबू वाट पाहत थांबले. ते रागावलेले नव्हते. त्यांनी खरोखरच कागद परत पाठवला असता.

निकुऱ्यांनी खणाच्या कुलुपाकडे पाहिलं. "कोसमटोल्यात सतरा हाय, साहेब," ते म्हणाले. "चूक हाय असं मले लिहिता येत नाई."

"तो पेन्सिल मिटाओ."

त्यांनी रबर घेतलं आणि पुसलं. चुरा गोळा करून खिडकीबाहेर टाकला. सोमवारी पक्की यादी उतरली, बुधवारी सही झाली.

पुढच्या फेब्रुवारीत लालसू मडावी चांद्याला आला. चाळिशीचा माणूस, खांद्यावर घोंगडं, हातात घडी घातलेली नोटीस. तीन खोल्यांतून फिरून तो आमच्या खोलीच्या दारात उभा राहिला. "जोहार. हा कागद कोनाले दाखवू, भाऊ?"

निकुऱ्यांनी नोटीस हातात घेतली. गावाचं नाव आणि नंबर वाचला.

"ही सतरा नंबरची जागा तुयीच का?"

"मायापाशी सतरा नाई, बाबू," लालसू म्हणाला. "मायापाशी तळ्याखालची हाय."

"तळ्याखालच्या जागेत काय हाय?"

"धान हाय. बापाच्या येळेपासून धान हाय." मग त्याने विचारलं, "सतरा कोनाची हाय ते सांगा. मी त्याले जाऊन सांगतो का तुया कागद मायाकडे आला."

त्याला वाटलं होतं, टपाल चुकलं आहे. खोलीत कोणीही हसलं नाही.

निकुऱ्यांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि दप्तराच्या खोलीत गेले. कच्च्या याद्या अजून रद्दीत गेल्या नव्हत्या. दोन तासांनी ते पान घेऊन आले. जमीन लालसूची असल्याचा एकच पुरावा होता, तो म्हणजे कोसमटोल्याच्या मूळ वहीतलं त्याच्या बापाचं नाव. त्या वह्या गडचिरोलीहून निघाल्या होत्या, चांद्याला पोचल्याची नोंद नव्हती. राज्य बदलताना कुठले गठ्ठे कुठल्या गाडीत गेले, हे कोणाला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी निकुरे लालसूला घेऊन नव्या साहेबांकडे गेले. फाईल उचलायला मला बरोबर घेतलं होतं. साहेब पुण्याकडचे होते, सभ्य होते, त्यांनी लालसूलाही खुर्ची दिली. तो बसला नाही.

निकुऱ्यांनी पान खिडकीपाशी नेलं आणि उजेडात तिरपं धरलं. पेन्सिल दाबून लिहिण्याची त्यांची सवय होती. रबराने शिसं जातं, कागदातला वळ जात नाही. तिरप्या उजेडात समासात वळ दिसत होता. कोणत्या गावचा सतरा.

"दिसते का, साहेब?"

साहेबांनी चष्मा काढून पाहिलं. "दिसतं," ते म्हणाले. "काय आहे हे?"

"शंका घेतली होती."

"कोणी?"

"मी."

"आणि पुसली कोणी?"

"मीच."

साहेबांनी पान टेबलावर ठेवलं. "निकुरे, पुसलेली शंका म्हणजे मागे घेतलेली शंका. मी वर काय लिहू? तपासनिसाला शंका होती, पण त्याने ती स्वतः खोडली?" मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला इतकी खात्री होती, तर लाल का केलं नाही?"

"खात्री नव्हती, साहेब."

"आज आहे?"

"आज हाय."

"कशावरून?"

निकुऱ्यांनी लालसूकडे हात केला. साहेबांनी लालसूकडे पाहिलं. लालसूला बोलणं अर्धंच समजत होतं. आपल्याकडे पाहिलं म्हणून त्याने पुन्हा जोहार केला.

"हे दुसरं पान लिहिलं कोणी?" साहेबांनी विचारलं.

"माया टेबलावरून गेलं," निकुरे म्हणाले.

पान माझ्या अक्षरात होतं. त्या घाईत समासातला प्रश्न मी वाचला नव्हता. तिसऱ्या दिवशी मी तसा लेखी जबाब दिला: "सदर गाव" लिहिताना माझ्या मनात येरणगाव होतं. जबाब फाईलला लावला गेला. त्यावर शेरा आला की, लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं हा पुरावा होऊ शकत नाही.

साहेबांनी जागेची पाहणी करण्याचा हुकूम दिला, हे नमूद केलं पाहिजे. पाहणी मार्चच्या शेवटी झाली. धान कापून झालेलं होतं. बांध्या कोरड्या होत्या, धुऱ्यावर मोह होता, एका कोपऱ्यात सागाची आपोआप उगवलेली रोपं होती. पाहणी करणाऱ्याने लिहिलं: झाडे आहेत, पीक नाही. मे महिन्यात दगड रोवले गेले.

त्यानंतर निकुरे बदलले. कोसमटोल्याहून परतल्यावर त्यांनी पुठ्ठ्याची पट्टी खणात टाकली आणि लाल दौत टेबलावर ठेवली. पेन्सिल जिथे लागली असती तिथे सगळीकडे लाल येऊ लागली. दिवसाला चाळीस-पन्नास खुणा. गावाचं नाव प्रत्येक ओळीत नसेल तर लाल. तारखेशिवाय "काल" असेल तर लाल. एका पत्रात "माननीय साहेबांस" असं होतं. तिथे लाल: कोणत्या? एकही कागद पुढे जाईना. गोपाळने त्यांच्यापुढे हात जोडले. "निकुरेभाऊ, असं नका करू. सगळ्याइचं काम अडून राह्यलं."

"अडू दे," ते म्हणाले.

"बरोबर असलेलंही लाल करून राह्यले तुमी."

"बरोबर हाय हे कोनाले ठाऊक?"

पावसाळा संपायच्या आत कारकून लाल खुणा न वाचताच खुलासा लिहू लागले: पाहिले, बरोबर आहे. लाल खुणेची किंमत उरली नाही. ऑक्टोबरात त्यांना आवक-जावक टेबलावर हलवण्यात आलं. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या कागदांना क्रमांक द्यायचे असतात. कागद वाचायचा नसतो. त्यांची लाल दौत नव्या तपासनिसाकडे गेली. वर्षअखेरीस मी नोकरी सोडली. ते पुढच्या वर्षी निवृत्त झाले आणि रुक्माबाईंसह मूलला मुलीकडे राहायला गेले, असं गोपाळच्या पत्रात होतं.

१९५९ च्या हिवाळ्यात भाताच्या गिरण्यांची बातमी करायला मी मूलला गेलो. आठवडी बाजाराचा दिवस होता. एका गिरणीच्या फाटकासमोर, चहाच्या टपरीच्या बाकावर निकुरे बसलेले दिसले. गिरणीतली जेवणाची सुट्टी व्हायची होती. त्यांनी मला ओळखलं आणि बाकावर सरकून जागा केली.

"कोन्या पेपरात हायेस?"

मी नाव सांगितलं.

"रोज निंगते?"

"रोज."

"मंग 'काल' लिवता का तारीख लिवता?"

मी म्हणालो, दोन्ही चालतं. वर्तमानपत्रावर तारीख असते.

"कापून ठेवला तं?" त्यांनी विचारलं. उत्तराची वाट पाहिली नाही. "तारीखच लिव."

ते लालसूची वाट पाहत होते. लालसू त्या गिरणीत धानाची पोती वाहत होता. जमीन गेल्यावर एक हंगाम त्याने तेंदूपानावर काढला, मग बायकोला माहेरी ठेवून इकडे आला. दर बाजाराच्या दिवशी निकुरे येत आणि लालसूच्या नावाने अर्ज लिहून देत. मजकूर तोच असे. प्रत्येक ओळीत कोसमटोला हे गावाचं नाव, तहसिलीचं नाव, नंबर, लालसूच्या बापाचं नाव आणि चतुःसीमा. मी एक मसुदा पाहिला. त्यात "सदर" हा शब्द कुठेही नव्हता. कुठलीही ओळ एकटी वाचली, तरी जमीन कुठली हे कळत होतं.

"उत्तर येते का?" मी विचारलं.

"आलं. एक आलं. दोन वर्सात पयलं."

भोंगा झाला. लालसू बाहेर आला. भुश्शाने त्याचे केस पांढरे झाले होते. त्याने मला जोहार केला आणि निकुऱ्यांच्या पायाशी उकिडवा बसला. "काय म्हन्ते कागद, बाबू? परवा वाचतो म्हनले तुमी."

"वाचतो," निकुरे म्हणाले, आणि कोटाच्या आतल्या खिशातून कागद काढून आधी माझ्याकडे दिला.

कागद टंकलिखित होता, खाली सही-शिक्का होता. मजकूर चार ओळींचा. येरणगाव येथील सर्व्हे नंबर सतराची समक्ष खातरजमा करण्यात आली असता तेथे पूर्ण वाढीचे सागवान असून, लालसू मडावी नावाची कोणतीही व्यक्ती जमीन कसत असल्याचे आढळून आले नाही. सबब सदर अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे.

मी तो दोनदा वाचला. लालसू माझ्या तोंडाकडे पाहत होता. निकुरे फाटकाकडे पाहत होते.

"वाचलं?" त्यांनी विचारलं.

"वाचलं."

त्यांनी हात पुढे केला. मी कागद परत दिला. बांबूची नळी त्यांच्या खिशात होती, तिच्यात पेन्सिलीचा तुकडा होता. कागदाचा डावा समास दोन बोटं रुंद होता. त्यात काही लिहिलेलं नव्हतं.